एक फ्रिज आणि तेवीस उघड्या बाटल्या : सुट्टीतल्या नोंदी

३ मे

या आठवड्यात दुसऱ्यांदा दूध नासलं. सकाळी तापवून, निववून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध रात्री गॅसवर चढवलं तर पातेल्यात गोळे. मे महिन्यात नागपुरात असं व्हायचंच, असं सगळे म्हणतात. पण फ्रिज चालू असताना का व्हावं?

रात्री मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून त्यात तापमापी बुडवून ठेवला, दुसरा पेला दाराच्या कप्प्यात. सकाळी साडेपाचला, कुणी दार उघडायच्या आत पाहिलं. मधे १० अंश, दारात १३. दुधाला ५ किंवा त्याच्या खाली हवं. बटण मागच्या आठवड्यातच ३ वरून ५ वर नेलं होतं. त्याने वर बर्फाचा थर जाड झाला, खाली काही फरक नाही.

फ्रिज १९० लिटरचा, एका दाराचा, माणसं पाच. सगळं सामान ओट्यावर काढलं आणि कारण समोरच दिसलं. उघडलेल्या बाटल्या, बरण्या, डब्या मिळून तेवीस. थंड हवा फिरायला जागाच उरलेली नाही. भाजी, दूध, कणीक यांच्या वाट्याला अर्धा फ्रिज येतो, बाकी सॉस आणि चटण्यांचा.

शाळा उघडेपर्यंत हेच काम करायचं ठरवलं. यांतल्या कोणाला थंडाव्याची खरोखर गरज आहे आणि कोण नुसती जागा अडवून बसलं आहे, ते एकेक करून तपासायचं. जुनी शंभर पानी वही घेतली. रकाने आखले : वस्तू, कधी उघडली, लेबल काय सांगतं, आंबटपणा, मीठ-साखर, निकाल.

स्वयंपाकघराचं तापमान दुपारी अडीचला, गॅस बंद असताना : ३८. पाककृतींच्या पुस्तकांत ‘सामान्य तापमानाला ठेवा’ असं लिहिलेलं असतं, ते आमच्या ओट्यावर वर्षातले चार महिने तरी नसतं. पुढच्या नोंदी वाचताना हे लक्षात असू द्यावं.

४ मे

दुसरा रकाना भरताना अडले. तेवीसपैकी आठ वस्तू कधी उघडल्या ते घरात कुणालाच सांगता येईना. मेयोनीज मुलीच्या वाढदिवसाचं, म्हणजे मार्चमधलं. शेजवान चटणी त्याच्याही आधीची असावी. आजपासून जे उघडेल त्यावर चिकटपट्टी आणि तारीख.

‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा’ असं नऊ लेबलांवर आहे. केचपवर आहे, मेयोनीजवरही आहे. वाक्य तेच, पण त्यामागची कारणं वेगळी असू शकतात. एक पदार्थ बाहेर राहिला तर रंग उतरेल, चव बसेल. दुसरा बाहेर राहिला तर माणूस आजारी पडेल. लेबल या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगतं. मला त्या वेगळ्या करायच्या आहेत, कारण जागा दुसऱ्या गटाला आधी मिळायला हवी.

दहावीच्या मुलांना शिकवते तेवढ्यावर सुरुवात करता येते. पदार्थ राखणाऱ्या गोष्टी मोजक्या. आंबटपणा एक. मीठ किंवा साखर दुसरी, ती पाणी बांधून टाकते आणि जंतूंना प्यायला पाणी उरत नाही. मग कोरडेपणा. कारखान्यात घातलेलं परिरक्षकही त्यात धरायचं. यांतलं काहीच नसेल तर उरतो तो थंडावा.

आंबटपणाची एक रेघ पक्की आहे : सामू ४.६. सामू जितका कमी तितका पदार्थ आंबट. ४.६ च्या खाली क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा सर्वांत भयंकर विष तयार करणारा जंतू वाढत नाही. अन्न टिकवण्याचे जगभरचे नियम याच रेघेभोवती बांधलेले आहेत.

७ मे

सीताबर्डीवरून सामूच्या कागदी पट्ट्या आणल्या. एक डबी १ ते १४ ची, दुसरी आंबट भागापुरती, बारीक टप्प्यांची. लाल-काळ्या पदार्थांत पट्टी बुडवली की तीच रंगून जाते. म्हणून पट्टीच्या टोकाला थेंब लावायचा, ओल पुढे सरकू द्यायची आणि त्या ओल्या कडेचा रंग वाचायचा. तरी ४.४ आणि ४.८ मधला फरक या कागदावर मला खात्रीने सांगता येणार नाही. रेघेजवळ आलेली वस्तू रेघेच्या वरचीच धरायची, असा नियम केला.

व्हिनेगर पट्टीच्या तळाशी, अडीचच्या आसपास. कोकणातल्या मावसबहिणीने पाठवलेलं कोकमाचं आगळ त्याच्याच शेजारी, आणि त्यात मीठही भरपूर. दोन्ही बाहेर. व्हिनेगरमध्ये तळाशी धाग्यासारखा गाळ दिसतो म्हणून आम्ही ते फ्रिजमध्ये ठेवत होतो. त्या गाळाने काही बिघडत नाही.

केचप ३.८. मोहरीचा सॉस ३.७. लाल मिरचीचा व्हिनेगरवाला सॉस ३.५. चिंच-गुळाची घरची चटणी ३.२.

सोया सॉस ४.८ च्या जवळ, म्हणजे रेघेच्या वर. पण त्याची राखण आंबटपणा करत नाही, मीठ करतं. लेबलवर सोडियम दिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. आमच्या बाटलीवर १०० मिलीला सुमारे ६ ग्रॅम सोडियम, म्हणजे १५ ग्रॅम मीठ. एवढ्या खारात सहसा काही वाढत नाही. हवा लागून तो काळपट आणि बोथट होतो, म्हणून महिनोन्महिने पुरवायचा तर फ्रिज चांगला. आमच्याकडे दीड महिन्यात बाटली संपते. बाहेर.

हिरव्या मिरचीचा ठेचा : साडेपाच. दोनदा तपासला. याच्याकडे वेगळं बघावं लागेल.

१० मे

आज दिवसभर केचप. यावरून घरात सर्वांत जास्त वाद. ह्यांचं म्हणणं, हॉटेलातल्या टेबलावर बाटली दिवसभर उभी असते, तिला कोण फ्रिजमध्ये ठेवतं? मुलगी म्हणते, बाटलीवर लिहिलंय, विषय संपला.

हॉटेलचं उदाहरण अर्धं खरं आहे. तिथली बाटली दोन-तीन दिवसांत रिकामी होते. आमची एक किलोची बाटली अडीच महिने चालते. स्वस्त पडते म्हणून मोठी घ्यायची आणि मग ती राखत बसायची.

केचपकडे राखणदार बरेच आहेत. आपल्याकडच्या नियमानुसार त्यात विरघळलेले घन पदार्थ किमान २५ टक्के आणि आंबटपणा किमान १ टक्का लागतो. लेबलवर बारीक अक्षरात ‘परिरक्षक २११’ असतं, ते सोडियम बेंझोएट. ते आंबट पदार्थातच नीट काम करतं, म्हणून सॉसमध्ये चालतं आणि दुधात चालणार नाही. विषारी जंतूंची भीती इथे फारशी नाही.

केचपला यीस्ट आणि बुरशी गाठतात. काही यीस्ट इतकी चिवट असतात की आंबटपणा आणि परिरक्षक दोन्ही पचवतात आणि आत गॅस करतात. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला, बाटली फुगली, तर ती टाकायची. बुरशी दिसली तरी वरचा भाग काढून उरलेलं वापरायचं नाही. बुरशी आम्ल खाते, तिच्याखालचा आंबटपणा उतरतो आणि आत्तापर्यंत बाहेर थोपवलेल्या जंतूंना वाट मिळते. टोमॅटोच्या पदार्थांत हे घडतं.

बुरशी येते कुठून? बाटलीच्या तोंडाशी सुकलेल्या कडेतून, आणि बरणी असेल तर खरकट्या चमच्यातून. पोळीचा कण लागलेला चमचा सॉसमध्ये गेला की आपणच बी पेरलं.

दोन छोट्या बाटल्या, एकाच खेपेच्या, आज एकाच वेळी उघडल्या. एक मांडणीवर, एक फ्रिजमध्ये. चार आठवड्यांनी बघू.

१३ मे

ठेचा.

आमच्याकडचा ठेचा असा : हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर थोड्या तेलात परतायचे, जाडं मीठ घालायचं, कुटायचं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तो काचेच्या बरणीत भरतात आणि वर बोटभर तेल ओततात. बरणी आठ-दहा दिवस ओट्यावर. गेल्या बऱ्याच वर्षांपासून अशीच पद्धत आहे आणि कुणाला काही झालेलं नाही. तरीही तेवीस वस्तूंमध्ये मला खरी भीती वाटली ती हिचीच.

लसूण मातीत वाढतो आणि बॉट्युलिनमचे बीजाणू मातीत असतात. तव्यावर परतल्याने ते मरत नाहीत, उकळत्या पाण्यातही टिकतात. त्यांना रुजायला हवी ओल, कमी आंबटपणा, उबदार जागा आणि जिथे हवा पोचत नाही असं अंथरूण. ठेच्याचा सामू साडेपाच, मीठ चवीपुरतं, ओटा ३८ अंशांवर, आणि वर तेलाचं झाकण घालून हवा आपणच बंद केलेली.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये तेलात ठेवलेल्या लसणामुळे ३६ जणांना विषबाधा झाली. बरणी फ्रिजबाहेर राहिली होती. १९८९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्ये तशाच लसणाने तिघे आजारी पडले. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कारखान्यांना सांगितलं की तेलातल्या लसणाची राखण एकट्या फ्रिजवर सोडता येणार नाही, त्यात आम्ल घालावंच लागेल. आणि या विषाला वास नाही, चव नाही. वास घेऊन ठरवायची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

आईंशी कसं बोलावं याचा सकाळभर विचार केला. त्यांच्या हातच्या पदार्थावर मी पट्टी लावून निकाल देते आहे असं त्यांना वाटू नये. दुपारी कूलरसमोर लसूण सोलत बसलो होतो तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, “पण लोणच्यावर पण तेलच असतं ना गं? ते तर वर्षभर राहते.”

प्रश्न अगदी बरोबर. म्हटलं, “आई, लोणच्यात तेलाच्या खाली कैरी आहे, आंबट. आणि मीठ किती असतं तुम्हीच बघा. तिथे तेल फक्त बुरा येऊ देत नाही. ठेच्यात तेलाच्या खाली राखायला कुणीच नाही.”

त्या बराच वेळ सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या सासूबाई ठेचा ठेवतच नव्हत्या. सकाळी कुटला, रात्री भाकरीसंगं संपला. तेल ओतून ठेवायचं तर मी टीव्हीवर पाहिलं.”

मी ज्याला जुनी रीत समजत होते ती जुनी नव्हतीच. जुनी रीत रोज ताजं, लागेल तेवढं करण्याची होती. मिक्सर आला, एकदम पाव किलो मिरची वाटायची सोय झाली आणि मग ते ठेवायचं कसं हा प्रश्न आला.

निकाल : ठेचा फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, चार दिवसांत संपवायचा. जास्त झाला तर छोट्या वड्या करून बर्फाच्या कप्प्यात. तेलातल्या लसणाला, घरच्या शेजवान चटणीला आणि लसूण घातलेल्या मिरचीच्या तेलालाही हाच नियम. ओट्यावरची बरणी आईंनी स्वतःच रिकामी केली.

सुकं खोबरं, तिखट आणि लसूण यांची कोरडी चटणी यात येत नाही. ती खरोखर कोरडी असेल तर.

१४ मे

मार्चमधलं मेयोनीज, तारीख नसलेली शेजवान चटणी, कडेला हिरवट ठिपका आलेला जॅम टाकला. जॅममध्ये निम्म्याहून बरीच जास्त साखर असते, तरी बुरशीला तेवढं पुरतं, विशेषतः ब्रेडचा चुरा आत पडला असेल तर. नवीन बरणी फ्रिजमध्ये, चमचा वेगळा.

१७ मे

मेयोनीज. मुलीचा प्रश्न : दुकानात ते बाहेरच्या फळीवर असतं, मग घरी फ्रिजमध्ये का?

बंद बाटलीत आत काही शिरलेलं नसतं. उघडली की चमचा, हवा, हात, सगळं आत जातं. कारखान्याच्या मेयोनीजमध्ये व्हिनेगर किंवा लिंबाचं आम्ल असतं, त्यामुळे लोक समजतात तितकं ते नाजूक नाही. पण त्यात तेल खूप, ते खवट होतं, आणि आमच्या दुपारच्या उष्म्यात तेल-पाणी वेगळं होऊन फाटतं. फ्रिजमध्ये, आणि दारात नाही, आत.

घरी कच्च्या अंड्याचं करणं वेगळं. तिथे साल्मोनेला या जंतूची भीती खरी आहे. केरळने २०२३ च्या जानेवारीत, तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आणि तमिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. मोमो आणि शोरमाच्या गाड्यांवर ते तासन् तास उघडं पडलेलं असायचं. मुलीला सांगितलं की गाडीवर पांढरी चटणी कुठल्या भांड्यात आणि कशी ठेवली आहे ते आधी बघायचं. तिने कान देऊन ऐकलं.

२० मे

कोरड्या चटण्या : जवस, कारळ, तीळ, शेंगदाणा. इथे जंतूंचा प्रश्न नाही, पाणीच नाही. प्रश्न तेलाचा. जवसाचं तेल सर्वांत लवकर खवट होतं आणि कुटल्यावर तर दाण्याचं कवचही उरत नाही. मागच्या महिन्यातली बाहेरची चटणी जिभेवर कडवट लागली, त्याच दिवशी केलेली फ्रिजमधली ठीक होती.

पण फ्रिजमधून काढलेला थंड डबा ३८ अंशांच्या ओट्यावर उघडला की आत दव धरतं. दोन-तीनदा असं झालं की कोरडी चटणी कोरडी राहत नाही. म्हणून जवसाचा मोठा डबा आत, आठवड्यापुरती वाटीभर चटणी बाहेरच्या डबीत. शेंगदाण्याची पूर्ण बाहेर, आमच्याकडे ती टिकतेच कुठे. एक मात्र : बुरसट वासाचे दाणे आधीच निवडून टाकायचे. त्यांतलं विष ना भाजून जातं ना फ्रिजने.

मध बाहेर. थंडीत त्याची साखर होते, बाकी काही नाही.

२५ मे

नवतपा लागला. पहाटेच कैऱ्या आणल्या, लोणचं घातलं. फोडी पुसून सुती कापडावर पसरल्या, पाण्याचा थेंब राहू दिला नाही. आईंनी नेहमीप्रमाणे मीठ हाताने घेतलं, मी या वेळी ते परातीत पडण्याआधी तोललं. त्यांना आधी विचारूनच.

फोडी २ किलो. मीठ ३५० ग्रॅम. मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट, हिंग मिळून २५० ग्रॅम. तेल सोडून २६०० ग्रॅममध्ये मीठ साडेतेरा टक्के. ज्या लोणच्याची राखण मुख्यतः मिठावर आहे त्यात मीठ किमान १२ टक्के असावं, असं आपल्याकडचं मानक आहे. पन्नास वर्षांच्या सवयीच्या हाताने ते न बघता ओलांडलं. वहीत तो आकडा लिहिला तेव्हा आईंनी चष्मा लावून पाहिला.

फोडीच्या खाराचा सामू पट्टीवर ३ च्या खाली. आंबट, खारट, वर तेल, चिनी मातीची बरणी आणि तोंडाला दादरा. हिला फ्रिज नको. कोरडा चमचा हवा, आणि फोडी तेलाखाली दबलेल्या हव्यात.

बाबांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं आहे, म्हणून त्यांचं वेगळं लोणचं घालतो. त्यात मीठ निम्मं. आत्तापर्यंत ती बरणीही मोठ्या बरणीशेजारी मांडणीवर असायची आणि पावसाळ्यात हमखास तिलाच बुरा यायचा. आम्ही दरवेळी ओल्या चमच्याला दोष दिला. आता ती फ्रिजमध्ये. राखणदार काढून घेतला तर त्याच्या जागी दुसरा द्यायला हवा. बाजारच्या ‘कमी मिठाच्या’ लोणच्यांनाही हेच लागू.

२८ मे

दुपारी वादळ, वीज साडेतीन तास गेली. दार उघडायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. वीज आली तेव्हा मधल्या कप्प्यात ८. दार बंद राहिलं तर चारेक तास फ्रिज तग धरतो. ठेच्याचा आज चौथा दिवस होता, उरलेले दोन चमचे टाकले.

१ जून

फ्रिजमध्ये आता तेवीसच्या जागी दहा वस्तू. जाळीच्या मागे हवेला वाट ठेवली, बर्फ वितळवून घेतला, बटण पुन्हा ३ वर. पहाटे साडेपाचला मधे ५ अंश, दारात ८. गेल्या दोन आठवड्यांत दूध एकदाही नासलं नाही.

दारात ८ म्हणजे दार हा फ्रिजमधला सर्वांत उबदार कोपरा, आणि बाटल्या तिथेच ठेवायची सोय कारखान्याने केलेली. तिथे आता केचप, मोहरी सॉस, जॅम. चुकून थोडे तापले तरी चालतील असे. मेयोनीज, ठेचा, ओल्या नारळाची चटणी आणि कोथिंबिरीची हिरवी चटणी मागे, मधल्या कप्प्यात. ओल्या नारळाच्या चटणीबद्दल काही तपासलंच नाही. ती सकाळी केली की दुपारी वास देते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

७ जून

केचपच्या दोन बाटल्या, चार आठवडे पूर्ण. बाहेरची : रंग विटकरी, तोंडाशी काळपट कडी, वर पाणी सुटलेलं, चव बसलेली. गॅस नाही, बुरशी नाही. आतली : जवळजवळ पहिल्या दिवसासारखी. दोन बाटल्यांवरून नियम करता येत नाही. पण आपल्या घरापुरतं ठरवता येतं : मार्च ते जून केचप आत, थंडीत लहान बाटली आणून बाहेर. मोठी बाटली आणायची नाही.

फ्रिजच्या दारावर कागद लावला. सुरुवातीला आत-बाहेर असे दोनच रकाने होते. मग तिसरा घातला : ‘किती दिवसांत संपवायचं’. आता सगळ्यांत जास्त बघितला जातो तोच.

एक गोष्ट अडली आहे. कैरी-पुदिन्याची चटणी दोनदा तपासली. आंबट कैरीची ३.४ आली, पाडाला लागलेल्या कैरीची ४.५. पदार्थ एकच, पण एक रेघेच्या बऱ्यापैकी खाली, दुसरी रेघेला चिकटलेली. तूर्त दोन्ही आत.

संध्याकाळी आईंनी फडताळातून लहान बरणी काढली, पूर्वी तुपाला वापरायच्या ती. पाच माणसांना दोन दिवस पुरेल एवढाच ठेचा खलबत्त्यात कुटला, तेल न ओतता भरला, आणि मला हाक मारली. “चिकटपट्टी आण गं. तारीख तू लिही, मला ते बारीक अक्षर जमत नाही.”